मुंबईत पहिल्यांदा रॉक गिगला जाताना

पोस्टरवर सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरांत ज्या बँडचं नाव असतं, तो बँड सुरू व्हायच्या आधी पोचा. गिग म्हणजे बँडचा प्रत्यक्ष वाजवण्याचा कार्यक्रम, आणि त्याबद्दल या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. तिकीट कसं काढायचं, उभं कुठं राहायचं, धक्काबुक्कीत चष्मा कसा सांभाळायचा, हे सगळं पुढे सांगतेच. पण मुंबईत इंडी (मोठ्या कंपनीच्या आधाराविना आपली गाणी करणारे बँड) आणि पंक (वेगवान, खरबरीत रॉक) ऐकायला नियमित जाणारी माणसं मुळात मोजकी, आणि त्यातलीही बरीचशी मुख्य बँडच्या तोंडावर उगवतात. मग पहिल्या बँडसमोर उरतात बँडचे मित्र, गिटारवाल्याची बहीण आणि बारपाशी फोन चाळत उभे असलेले दोघंतिघं. अशा खोलीत तुम्ही एकटे गेलात तरी फरक पडतो.

ऐकायला मिळतं काय?

मुंबईत रॉक काल-परवा आलेला नाही. १९८४ साली सुरू झालेला रॉक मशीन, जो पुढे इंडस क्रीड झाला, त्या काळात स्वतःची इंग्रजी गाणी लिहून वाजवत होता. १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव भरू लागला आणि उपनगरांतली मुलं काळे टीशर्ट घालून लोकलने तिथं येऊ लागली. रंगभवनाला लागून झेवियर्स कॉलेज, जवळच हॉस्पिटल. शांतता क्षेत्राचे नियम कडक झाले आणि त्या उघड्या रंगमंचावरचा रॉक बंद पडला. नंतर जुहूचं रॅझबेरी ऱ्हिनोसरस हे गिगचं ठिकाण आलं नि गेलं. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हा क्लब उघडला, त्यानं अनेकांना चांगला साउंड म्हणजे काय ते पहिल्यांदा ऐकवलं, आणि २०१६ मध्ये तोही बंद झाला.

हा इतिहास उगाळायचं कारण एवढंच, की या शहरात जागा टिकत नाहीत. भाडं वाढतं, शेजारी तक्रार करतात, मालकाला बॉलिवूड नाइटमध्ये जास्त पैसे दिसतात. त्यामुळे ठिकाणांची यादी पाठ करू नका. लोअर परळचं अँटीसोशल, वांद्र्याच्या लिंकिंग रोडवरचं बोनोबो, महालक्ष्मीला शक्ती मिल लेनमधलं जी५ए, ही नावं शोधायला सुरुवात म्हणून ठीक आहेत. प्रत्येकाचा बाजही वेगळा: अँटीसोशल अंधारं आणि दणदणीत, बोनोबो गच्चीवरचं, गप्पा चालू असतानाच ऐकायचं, आणि जी५एमध्ये बऱ्याचदा लोक खरोखर गप्प बसून ऐकतात. पण जायच्या आठवड्यात त्यांचं पान उघडून काय चाललंय ते बघाच.

आता पंकबद्दल. निखळ पंकची रात्र मुंबईत क्वचित होते. द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्सप्लोड ही इथल्या पंकची नावं, ती शोधून ऐका. पॅसिफिस्ट हा मुंबईचाच पोस्ट-हार्डकोर (पंकमधूनच फुटलेला प्रकार) बँड, आवाज आणखी रांगडा. पण बँड थोडे असल्यामुळे एकाच रात्री पंक, मेटल (जड, कर्कश गिटारचा रॉक) आणि मंद गिटारवालं इंडी-पॉप शेजारी शेजारी येतं. मला तर हेच आवडतं. न्यूयॉर्क-लंडनकडे म्हणे प्रत्येक उपप्रकाराची वेगळी गर्दी असते. आपल्याकडे मेटलवाला लांबकेश्या मुलगा इंडी-पॉपच्या गायिकेला मान डोलावताना दिसतो, कारण त्याचा बँड तिच्यानंतर आहे आणि जायला दुसरी जागा नाही. बाहेरगावचे बँडही येत असतात: दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, चेन्नईचा द एफ१६स, पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज. मराठी कानांना ओळखीचं काही हवं असेल तर अभंग रिपोस्ट हा बँड पाहा, संतांचे अभंग बेस-गिटार आणि ड्रम्सवर. आईवडिलांना बरोबर न्यायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा.

शोधायचं कसं

वर्तमानपत्रात याची जाहिरात येत नाही. बुकमायशो, डिस्ट्रिक्ट, स्किलबॉक्स यांवर तिकिटं असतात, पण तिथं 'म्युझिक' म्हटलं की आधी मोठमोठे स्टेडियमवाले कार्यक्रम दिसतात आणि आपला तीन बँडचा गिग पार खाली बुडालेला असतो. इन्स्टाग्राम हाच खरा फलक. पद्धत सोपी आहे: तुम्हाला आवडलेला एक स्थानिक बँड घ्या, त्याची जुनी पोस्टरं बघा. त्यांच्याबरोबर आणखी कोण कोण वाजवलं, गिग कुणी भरवला, कुठं झाला, हे सगळं त्या पोस्टरवर असतं. ती सगळी खाती फॉलो करा. महिन्याभरात तुमच्या फोनला कळतं की तुम्हाला काय दाखवायचं.

एकदा हिशेब कळला की ऋतूही कळतात. मोठे मैदानी कार्यक्रम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. पुण्याचा एनएच७ वीकेंडर २०१० मध्ये सुरू झाला तोही याच हंगामातला. पावसाळ्यात सगळं बंद खोल्यांत जातं, आणि खरं सांगायचं तर छोट्या गिगना पावसाळाच मानवतो. २१ जूनच्या जागतिक संगीत दिनाला बरेच कार्यक्रम फुकट असतात. ड्राय डेला मात्र जपून: २ ऑक्टोबरला किंवा मतदानाच्या आधीच्या दिवसांत दारूविक्री बंद असते, म्हणून बारच्या जिवावर चालणाऱ्या जागा गिग ठेवतच नाहीत, किंवा ठेवलेला पुढे ढकलतात.

पोस्टर वाचायला शिका

'डोअर्स ८' याचा अर्थ आठला दार उघडणार. पहिला बँड साडेआठ-नऊला. तीन बँड असतील तर मुख्य बँड साडेदहाच्या पुढे धरा. प्रत्येक बँडनंतर पंधरा-वीस मिनिटं जातात, कारण ड्रमर आपला स्नेअर (चपटा, खणखणीत ड्रम), झांजा आणि पायाचं पेडल काढून नेतो आणि पुढचा आपलं लावतो. बाकीचा ड्रमसेट आणि अँप (गिटारचा आवाज वाढवणारी पेटी) बहुधा सगळ्यांना मिळून एकच असतो.

उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर गणित उलटं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून तिथं पहिला बँड भर उन्हात तीन-चारला वाजवतो आणि दहाच्या ठोक्याला वीज गेल्यासारखं सगळं थांबतं. तिथं 'रात्री निवांत जाऊ' म्हणालात तर शेवटची दोन गाणी मिळतील.

'२१+' लिहिलं असेल तर ओळखपत्र मागतात, आणि फोनमधला अंधुक फोटो चालेलच असं नाही. महाराष्ट्रात बिअर प्यायला २१ वर्षं आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. बार असलेल्या अनेक जागा ही कटकट टाळायला एकवीसच्या आतल्यांना दारातूनच परत पाठवतात. या संगीताची सगळ्यात जास्त भूक ज्या वयात असते त्याच वयाला दार बंद, हे मला कधीच पटलेलं नाही. अठरा-एकोणीसच्या मुलांनी 'ऑल एजेस' असं लिहिलेले गिग शोधावेत, आणि कॉलेज फेस्टिव्हल सोडू नयेत. पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये लाइव्हवायर ही रॉक बँडची स्पर्धा असते. डिसेंबरच्या सुट्टीत तिथं एका दिवसात जितके नवे बँड ऐकायला मिळतात तितके बारमध्ये महिन्यात मिळत नाहीत.

'कव्हर' आणि 'एन्ट्री' यांतही फरक आहे. कव्हर असेल तर भरलेल्या पैशांतले सगळे किंवा काही खाण्यापिण्यात वळते होतात. एन्ट्री म्हणजे नुसता प्रवेश. कव्हरच्या पैशांतला वाटा बँडपर्यंत पोचतोच असं नाही, एवढं ध्यानात असू द्या.

तिकीट काढाच

छोट्या गिगचं तिकीट साधारण ३०० ते ८०० रुपयांत असतं. आधी काढलं तर स्वस्त, दारात महाग. बँडमधल्या कुणाशी जरा ओळख झाली की 'यार, गेस्टलिस्टला टाक ना' म्हणायचा, म्हणजे फुकट आत जायचा, मोह होतो. नका म्हणू. समजा ८० लोकांनी ४०० रुपये दिले, तर झाले ३२,००० रुपये. त्यातून तिकीटवाल्या ॲपचं कमिशन, कर, जागेचा वाटा, साउंडवाल्याचे पैसे जातात. उरलेले तीन बँडमधल्या बारा-तेरा जणांत वाटायचे. ठाण्याहून ड्रमचं सामान टॅक्सीत घालून आणणाऱ्याला जे मिळतं त्यात टॅक्सी सुटली तरी नशीब. जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, तासाचं भाडं वेगळंच. म्हणून ओळखीच्यांनी तर आधी तिकीट काढावं. मुंबईत मध्यंतरी कंट्रोल ऑल्ट डिलीट नावाची गिगची मालिका लोकांकडून आधी पैसे गोळा करून भरवली जायची आणि दारात ज्याला जमेल तेवढं द्यायची मुभा असायची. ती चालली कारण लोकांनी खरंच दिले.

पैसे गेले आणि गिग रद्द झाला तर? होतं तसं कधीकधी; पोलिस परवानगी शेवटच्या क्षणी अडकते. ॲपवरून काढलेल्या तिकिटाचे पैसे सहसा परत येतात, म्हणून कुणाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआय करण्यापूर्वी तो माणूस याआधी गिग भरवत आलाय का ते बघा.

काय घालायचं, काय न्यायचं

काळा टीशर्ट सक्तीचा नाही. ऑफिसच्या फॉर्मल कपड्यांत आलेली माणसं लोअर परळला निम्मी असतात, कोपऱ्यात लॅपटॉपची बॅग घेऊन. बूट मात्र बंद आणि नाडी घट्ट बांधलेले हवेत. चपला-सँडल घालून गर्दीत गेलात तर पायाच्या बोटांना कळेल. लोंबते कानातले, ओढणी, लांब साखळी घरी. पाठीवरची सॅक बाहेर काउंटरला ठेवता येते का विचारा, नाहीतर पुढे छातीवर घ्या, लोकलमध्ये घेतो तशी.

आणि इअरप्लग. यावर मी जरा हट्टी आहे. बंद खोलीतला रॉक गिग सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. कानांच्या सुरक्षिततेचा अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा निकष असा: ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. एका बँडचा सेटच, म्हणजे त्याचं सलग वाजवणं, तीस-चाळीस मिनिटांचा. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे प्लग स्वस्त आहेत, पण झांजांची धार खातात आणि सगळं गोधडीतून आल्यासारखं ऐकू येतं. नियमित जाणार असाल तर संगीतासाठी बनवलेले प्लग घ्या. ते आवाज कमी करतात, त्याचा रंग फारसा बिघडवत नाहीत. स्टेजवरच्या वादकांच्या कानांकडे बघा, जुन्याजाणत्यांच्या कानात प्लग किंवा इन-इअर (कानात बसणारे छोटे स्पीकर) दिसतीलच. पोराबाळांना नेत असाल तर कानांवर बसणारे जाड इअरमफ हवेतच.

उभं कुठं राहायचं

चांगलं ऐकायचं असेल तर साउंडवाल्याच्या जवळ. खोलीच्या मागच्या बाजूला बटणांचा मोठा बोर्ड घेऊन जो बसलेला असतो, तो स्वतःला जे ऐकू येतं त्यावरच सगळं जुळवतो. त्यामुळे त्याच्या दोन पावलं पुढे जी जागा असते तिथं आवाज सगळ्यात तोललेला. अगदी स्टेजला चिकटून उभं राहिलात तर ड्रम आणि गिटारचे अँप थेट अंगावर येतात आणि गाणाऱ्याचे शब्द मात्र हरवतात, कारण त्याचा आवाज ज्या स्पीकरमधून येतो ते बाजूला असतात आणि तो तुमच्या डोक्यामागे फेकतात. पंकमध्ये तरीही पुढंच जावं. शब्द नंतर घरी ऐका.

साउंडवाल्याला गाणं चालू असताना काही विचारू नका. 'गिटार वाढवा' तर मुळीच नाही.

पहिला बँड चालू असताना खोलीच्या मध्ये एक अर्धगोल रिकामा पडतो. सगळे भिंतीला टेकून, मध्ये कुणीच नाही, आणि बँड त्या फरशीकडे बघत वाजवतोय. मुंबईच्या गिगची ही जुनी खोड. तुम्ही चार पावलं पुढे सरकलात की मागून आणखी चौघं येतात, प्रत्येक वेळी येतात. नाचायची गरज नाही, नुसतं पुढे उभं राहा. टाळ्या वाजवा, आणि गाणं आवडलंच तर ओरडायला लाजू नका. संगीत नाटकांना 'वन्स मोअर' देणाऱ्यांची आपण नातवंडं. तिथं एकेक पद पुन्हापुन्हा गायला लावायचे. इथं मात्र सेटची वेळ मिनिटांवर मोजलेली असते, त्यामुळे सुरुवातीच्या बँडकडून जादा गाणं मागू नका. मुख्य बँडकडे खुशाल मागा.

पिट

पंक किंवा हार्डकोर (पंकचाच आणखी आक्रमक प्रकार) सुरू झालं की मध्ये एक गोल उघडतो आणि माणसं एकमेकांवर आदळायला लागतात. त्याला मॉशपिट, नुसतं पिट म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला भांडणच वाटतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशासमोर जो घोळका घुसळत असतो त्यात कधी नाचला असाल तर शरीराला हे ओळखीचं आहे: धक्का बसतो, पण मारायचा हेतू नसतो, आणि पडणाऱ्याला दहा हात उचलतात.

पिटचे नियम कुठं लिहिलेले नसतात, पण मोडले तर लगेच कळतं. कुणी पडलं की सगळं थांबवून आधी त्याला उभं करायचं. हा पहिला नियम आणि यात सवलत नाही. कोपरं अंगाशी, हात मोकळे छातीसमोर, मुठी नाहीत. कडेला उभ्या माणसाला ओढून आत आणायचं नाही. ज्याला यायचंय तो येईल. खाली चष्मा, बूट, फोन सापडला तर उचलून उंच धरायचा, मालक येतो. चष्मा असेल तर पट्टा लावा किंवा तो मित्राकडे द्या. बिअरचा ग्लास घेऊन आत जाणाऱ्यासारखा त्रासदायक माणूस दुसरा नाही. काच असेल तर धोकाच.

पहिल्यांदा जाताना एकदम मध्यात घुसू नका. कडेला राहा, अंगावर येणाऱ्यांना तळहातांनी परत गोलात ढकला. हेही पिटचंच काम आहे आणि कुणीतरी ते करावंच लागतं. दोन गाणी अशी काढली की गोल कधी फुगतो, कधी शांत होतो ते समजतं. दमलात तर हात वर करून बाजूला या, वाट मिळते. लोकांच्या डोक्यांवरून तरंगत जाण्याचा प्रकार मात्र छोट्या जागांत करू नका. छत खाली, लोक कमी, आणि धरणारे हात चार.

एकट्या जाणाऱ्या मुलींसाठी

मी स्वतः बऱ्याचदा एकटीच जाते आणि बहुतेक वेळा सुखानं परत येते, पण सगळं गोड आहे असं सांगणार नाही. गर्दीत हात लावणारे इथंही असतात, आणि 'पिटमध्ये धक्का तर लागणारच' हे त्यांचं आवडतं उत्तर. धक्का आणि हात यांतला फरक ज्याला लागतो त्याला बरोबर कळतो. समोरच्याला पटवून देत बसू नका. मोठ्यानं बोला. आत शिरतानाच बाउन्सर कुठं उभे आहेत, त्यात बाई बाउन्सर आहे का आणि गिग भरवणारी मंडळी कोण, हे बघून ठेवा. अनेक छोटे आयोजक आता दारातच एक नंबर लावतात. बँडला कळलं तर तो गाणं मध्येच थांबवतो, हे मी पाहिलंय. आणि तक्रारीवर 'जाऊ दे ना' म्हणणाऱ्या आयोजकाच्या पुढच्या गिगला जाऊ नका, मैत्रिणींनाही सांगा.

संपल्यावर

बँडवाले पाच-दहा मिनिटांत खाली येतात, घामाघूम, केबली गुंडाळत. बोला त्यांच्याशी. मात्र स्टेज रिकामं होईस्तोवर थांबा, कारण पुढच्या बँडला ती जागा हवी असते. 'भारी वाजवलंत' एवढंही पुरतं, कोणतं गाणं आवडलं ते सांगितलंत तर आणखी बरं. कोपऱ्यात टेबल मांडून टीशर्ट, स्टिकर, कधी कॅसेट किंवा सीडी विकायला ठेवलेली असते. स्ट्रीमिंगवर हजार वेळा गाणं ऐकून बँडच्या हातात जे पडतं, त्यापेक्षा एका टीशर्टमध्ये कितीतरी जास्त पडतं. तेही परवडत नसेल तर पन्नास रुपयांचं स्टिकर घ्या. व्हिडिओ काढायचा तर एका गाण्याचा काढा, बँडला टॅग करा, आणि फोन खिशात घाला; मागच्याला तुमचा स्क्रीन बघायचा नसतो.

परतीचं आधीच ठरवा. पश्चिम रेल्वेची शेवटची लोकल चर्चगेटहून एकच्या सुमारास सुटते. मध्य रेल्वेवर लांबच्या, कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या त्याआधीच संपतात. लोअर परळच्या मथुरादास कंपाउंडमधून पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड, दोन्ही स्टेशनं चालत. डोंबिवली-कल्याणवाल्यांनी मुख्य बँडच्या शेवटच्या दोन गाण्यांवर पाणी सोडायची तयारी ठेवावी, किंवा त्याच बाजूच्या कुणाबरोबर टॅक्सी वाटून घ्यावी. गिगला तुमच्याच लाइनीवरचे लोक हमखास भेटतात, दारात 'कोण ठाण्याला जातंय?' असं विचारायला हरकत नाही. रात्रीचा ब्लॉक आहे का ते निघण्यापूर्वी रेल्वेच्या ॲपवर पाहा.

घरी पोचल्यावर कानांत शीळ वाजत असेल तर प्लग नीट बसले नव्हते असं समजा. ती सकाळपर्यंत जायला हवी. दुसऱ्या दिवशीही राहिली, किंवा एका कानानं कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर वाट बघत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे लगेच जा, आणि तोवर पुढचा गिग नाही.